घोंगडीखालची गिटार

या शनिवार-रविवारचा विषय जरा आवाजी आहे. शेजाऱ्यांची आधीच माफी मागून सुरू करतो.

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या कुणालाही गाठा आणि त्याच्या अ‍ॅम्पबद्दल विचारा. थोड्या वेळाने एक तक्रार येतेच. "आवाज दबतो रे." कुणी म्हणेल गढूळ आहे, कुणी म्हणेल नुसता घुमतो, कुणी म्हणेल अ‍ॅम्पवर घोंगडी टाकल्यासारखं वाटतं. ट्रेबलचं बटण दहावर नेलं तरी वरच्या तारा कुठेतरी लांब वाजतायत असं वाटतं आणि जाड तारांवर एक कॉर्ड मारला की सगळं भुम्म!

मजा अशी की ही तक्रार अजिबात नवी नाही. गिटार अ‍ॅम्पचा साधारण नव्वद वर्षांचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी या एकाच तक्रारीवर काढलेल्या पॅचेसचा इतिहास आहे. आपण आयटीवाले ज्याला बग-फिक्स म्हणतो ना, अगदी तसं. ज्या आवाजांना आज जग 'क्लासिक' म्हणतं, त्यातले कित्येक मुळात कुणाच्या तरी कुरकुरीवर कुणीतरी लावलेला एखादा छोटासा कपॅसिटर आहेत. आणि या सगळ्या पॅचेसमध्ये एक गोष्ट समान आहे, जी कळायला मला बराच वेळ लागला: जवळजवळ कुणीही ट्रेबल 'वाढवलेला' नाही. त्यांनी बेस कमी केला, किंवा ट्रेबल जिथे वाया जात होता ती गळती बंद केली.

आमटीत गूळ जास्त झाला तर वरून तिखट ओतून ती सुधारत नाही. हातच आखडता घ्यावा लागतो. आता ही गोष्ट पहिल्यापासून बघू.

रेडिओच्या पोटातून

इलेक्ट्रिक गिटार विक्रीला आली १९३२ च्या सुमारास. अमेरिकेत जॉर्ज बीचम आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी काढलेली ही गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन पद्धतीची होती आणि दिसायची तव्यासारखी, म्हणून नावही पडलं 'फ्राइंग पॅन'. १९३६ मध्ये गिब्सनने ईएस-१५० आणली आणि १९३९ मध्ये चार्ली ख्रिश्चन ती घेऊन बेनी गुडमनच्या बँडमध्ये दाखल झाला. गिटारवाला मागच्या रांगेतून पुढे आला तो असा.

त्या काळातला प्रश्न एकच होता: ऐकू येणं. ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ड्रम्सच्या गदारोळात बिचाऱ्या गिटारचं काही चालत नसे. त्यामुळे अ‍ॅम्प बनवणाऱ्यांनी हाताशी होतं ते सामान उचललं, म्हणजे रेडिओचं. तेच व्हॉल्व्ह, तसेच ट्रान्सफॉर्मर, तसेच स्पीकर. आणि त्या वेळच्या रेडिओला उंच स्वरांशी फारसं कर्तव्य नव्हतं. प्रक्षेपणात साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं फार काही येतच नसे. उलट त्या भागात खरखर आणि सूं-सूं आवाज असायचा. तो दाबणं हे चांगल्या रेडिओचं लक्षण मानलं जाई. दिवाणखान्यातल्या लाकडी खोक्यातून येणारा ऊबदार, गोल आवाज म्हणजे 'भारी' आवाज.

म्हणजे बघा, सुरुवातीच्या अ‍ॅम्पचा दबका आवाज हा दोष नव्हताच. तो स्पेसिफिकेशनमध्येच होता! ख्रिश्चनसारख्या वादकाच्या हातात तो सुंदरही वाटतो. पण पुढे वादकांच्या मागण्या बदलल्या आणि जुनं स्पेसिफिकेशन बग ठरलं. हे आपल्या धंद्यात रोज होतं.

गिटार न वाजवणारा माणूस

पहिला मोठा फरक केला लिओ फेंडरने. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात १९३८ मध्ये त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. शिक्षण हिशेबनिसाचं, हौस इलेक्ट्रॉनिक्सची, आणि गंमत म्हणजे या माणसाला गिटार वाजवता येत नव्हती. १९४६ मध्ये त्याने फेंडर कंपनी सुरू केली.

वाजवता येत नाही हा त्याचा मोठाच फायदा ठरला असं मला वाटतं. कारण स्वतःच्या कानावर विसंबून राहायची सोयच नव्हती. आसपासचे कंट्री संगीतवाले दुकानात यायचे, त्यांना तो नवा अ‍ॅम्प वाजवायला द्यायचा आणि ते काय म्हणतात ते ऐकायचा. आजच्या भाषेत युजर टेस्टिंग. या मंडळींना आवाज हवा होता स्वच्छ, टोकदार, गर्दीतून वाट काढणारा.

आता एक किस्सा. १९५१ मध्ये फेंडरने प्रिसिजन बेस ही इलेक्ट्रिक बेस गिटार आणली आणि १९५२ मध्ये तिच्यासाठी बासमन नावाचा अ‍ॅम्प. आत १५ इंची एकच मोठा स्पीकर. १९५४-५५ च्या सुमारास त्यात बदल झाला: एका मोठ्या स्पीकरऐवजी १० इंची चार छोटे, आणि खोकं मागून उघडं. बेससाठी ही योजना तितकीशी फळली नाही. मागून उघड्या खोक्यात स्पीकरच्या पाठीमागून निघालेली लाट पुढच्या लाटेला गाठते आणि खालच्या स्वरांत दोघी एकमेकींना खोडून काढतात. म्हणजे नेमका बेसच गळतो.

पण गिटारवाल्यांनी तो अ‍ॅम्प लावून बघितला आणि ते खूश! बेस गळतोय तेच तर हवं होतं. बेससाठी बनवलेला अ‍ॅम्प बेस कमी पडतो म्हणून गिटारचा लाडका झाला. १९५८ ते १९६० दरम्यानचं त्याचं ५एफ६-ए हे मॉडेल आजही लोक पूज्य मानतात.

या मॉडेलमध्ये दोन गोष्टी मुद्दाम बघण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे 'ब्राइट' चॅनल. व्हॉल्यूमचं बटण म्हणजे एक मोठा रोध, त्याच्या मधून आपण हवा तेवढा सिग्नल काढून घेतो. हा रोध असतो १० लाख ओहमचा. बटण अशा जागी असेल की रोधाचा अर्धा भाग वर आणि अर्धा खाली, तर पुढच्या व्हॉल्व्हला तो अडीच लाख ओहमसारखा दिसतो. पुढच्या व्हॉल्व्हची स्वतःची धारिता परिणामतः दीडशे पिकोफॅरडच्या आसपास धरली, तर आपोआप एक फिल्टर तयार होतो आणि साधारण चार हजार हर्ट्झच्या वरचं सगळं ढासळायला लागतं. कुणी डिझाइन न केलेला फिल्टर! घोंगडीचा पहिला पदर हा.

यावर उपाय म्हणजे त्या बटणाच्या वरच्या दोन टोकांमध्ये १०० पिकोफॅरडचा एक चिमुकला कपॅसिटर. कपॅसिटरचा स्वभाव असा की तो उंच स्वरांना वाट देतो आणि खालच्यांना अडवतो. त्यामुळे ट्रेबलला रोधाला वळसा घालून जायला बाजूचा रस्ता मिळतो. बटण पूर्ण दहावर नेलं की हा कपॅसिटर निकामी, कारण मग रोधच मधे उरत नाही. १९६३ पासूनच्या फेंडर अ‍ॅम्पवर जो 'ब्राइट' स्विच दिसतो तो म्हणजे हाच, फक्त १२० पिकोफॅरडचा.

दुसरी गोष्ट 'प्रेझेन्स' नावाचं बटण. यासाठी एक मिनिट न्यूयॉर्कला जाऊ. २ ऑगस्ट १९२७ रोजी हॅरॉल्ड ब्लॅक नावाचा बेल लॅब्जचा इंजिनिअर हडसन नदीवरच्या फेरीबोटीतून कामावर निघाला होता. टेलिफोनच्या अ‍ॅम्प्लिफायरमधली विकृती कमी कशी करायची हा प्रश्न त्याच्या डोक्यात वर्षानुवर्षं घोळत होता. बोटीतच त्याला सुचलं की बाहेर आलेल्या आवाजाचा थोडा भाग उलटा करून परत आत घातला तर चुका आपोआप वजा होतात. हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावर त्याने समीकरणं खरडली. निगेटिव्ह फीडबॅक! पेटंट मिळायला नऊ वर्षं लागली, कारण वाढवलेला सिग्नल पुन्हा कमी करून काही फायदा होईल यावर कुणाचा विश्वासच बसेना. इंजिनिअरिंगला कंट्रोल सिस्टीम्सच्या पेपरात आपण ज्याच्या नावाने बोटं मोडली, ते प्रकरण ते हेच. :-)

फेंडरच्या प्रेझेन्सची युक्ती साधी आहे. परत आत येणाऱ्या फीडबॅकमधून उंच स्वर कपॅसिटरने बाजूला काढून टाकायचे. म्हणजे उंच स्वरांवर 'सुधारणा' कमी होते आणि ते मोकळे सुटतात. इथेही ट्रेबल वाढवलेला नाही. त्याच्यावरचा लगाम सैल केला, इतकंच.

आणखी एक. फेंडरच्या ट्रेबल-मिडल-बेस या तीन बटणांच्या सर्किटमध्ये नुसते रोध आणि कपॅसिटर असतात. त्यातून काहीही वाढत नाही, फक्त कमी होतं. ट्रेबल दहावर म्हणजे 'दहा भाग ट्रेबल घातला' असं नव्हे, तर 'ट्रेबलमधलं सगळ्यात कमी कापलं' असं. तिन्ही बटणं शून्यावर आणा, आवाजच बंद होतो. मग बेस आठवर ठेवून ट्रेबल दहावर नेण्यात काय हशील आहे, सांगा बरं?

इंग्लंडची कुरकुर

आता अटलांटिक ओलांडू. पन्नासच्या दशकात इंग्लंडमध्ये अमेरिकन वाद्यं मिळणं मुश्किल आणि मिळाली तर महाग. ती पोकळी भरून काढली केंटमधल्या डार्टफर्डच्या टॉम जेनिंग्जने. त्याचा डिझायनर होता डिक डेनी. यांच्या 'व्हॉक्स' ब्रँडचा एसी-१५ आला १९५८ मध्ये. 'द शॅडोज' हा तिथला तेव्हाचा सगळ्यात गाजलेला गिटार बँड. त्यांना मोठ्या हॉलसाठी जास्त ताकद हवी होती, आणि त्यातून १९५९-६० च्या सुमारास दुप्पट ताकदीचा एसी-३० जन्मला.

एसी-३० जोरदार होता, पण पुन्हा तीच तक्रार: अजून चमक हवी. आवाजाचा पोत बदलायला त्यावर 'कट' नावाचं एकच बटण होतं, आणि नावाप्रमाणे ते ट्रेबल फक्त कापायचं. डावीकडे फिरवा, चमक. उजवीकडे फिरवा, अंधार. आजही कित्येकजण हे बटण इतर बटणांसारखं समजून 'वाढवतात' आणि मग डोकं धरून बसतात!

व्हॉक्सने १९६१ मध्ये उपाय काढला तो आपल्याला फारच ओळखीचा आहे. त्यांनी नवा अ‍ॅम्प काढला नाही, प्लग-इन काढलं! 'टॉप बूस्ट' नावाची एक छोटी पट्टी, त्यात एक जादा व्हॉल्व्ह आणि स्वतंत्र ट्रेबल-बेसची दोन बटणं. ज्यांच्याकडे आधीच एसी-३० आहे त्यांनी तो आणायचा, मागच्या बाजूला भोक पाडून पट्टी बसवून घ्यायची. लोकांच्या त्यावर इतक्या उड्या पडल्या की १९६३-६४ पर्यंत ती बटणं अ‍ॅम्पच्या मुख्य पॅनलवर येऊन बसली. साठच्या दशकातला तो किणकिणता ब्रिटिश आवाज आपल्या कानात आहे, त्यात या पट्टीचा मोठा वाटा आहे. शिवाय व्हॉक्स तोच एसी-३० नॉर्मल, ट्रेबल आणि बेस अशा तीन प्रकारांत विकत असे. फरक मुख्यतः आतल्या काही कपॅसिटर्सचा.

१९६० च्या दशकाच्या मध्यावर डॅलस कंपनीने याहून सोपा उपाय आणला: रेंजमास्टर ट्रेबल बूस्टर. एक जर्मेनियम ट्रान्झिस्टर, मोजके सुटे भाग, एक डबी. नाव 'बूस्टर', पण पोटात मुख्य काम करतो तोंडाशी बसवलेला ५ नॅनोफॅरडचा कपॅसिटर, जो बेसला दारातच थांबवतो. उरलेल्याला ट्रान्झिस्टर दणकून ढकलतो. आयर्लंडचा रोरी गॅलघर हा रेंजमास्टर एसी-३० च्या पुढे लावायचा. त्याचं पाहून क्वीनच्या ब्रायन मेने तीच वाट धरली. आणि हे विशेष आहे: मे एसी-३० चं टॉप बूस्ट चॅनल वापरत नाही. तो साधं, दबकं समजलं जाणारं नॉर्मल चॅनल वापरतो आणि बेस छाटायचं काम अ‍ॅम्पच्या आधी ट्रेबल बूस्टरकडे देतो. त्याच्या शेजारी उभा राहून जो गात असे, तो फ्रेडी मर्क्युरी म्हणजे आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला आणि तिथल्या 'द हेक्टिक्स' बँडमध्ये पियानो बडवणारा फारूख बलसारा. पाचगणीला जाल तेव्हा स्ट्रॉबेरी खाताना आठवण काढा.

ड्रमवाल्याचं दुकान

लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाच्या ड्रमवाल्याचं वाद्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकं तरुण रॉक गिटारवाले. त्यांना फेंडरसारखा पण जास्त दणकट अ‍ॅम्प हवा होता. केन ब्रान आणि डडली क्रेव्हन यांना घेऊन मार्शलने १९६२ च्या सुमारास जेटीएम-४५ काढला. सर्किट जवळपास जसंच्या तसं फेंडर बासमन ५एफ६-ए चं. आपल्या भाषेत फोर्क!

पण सुटे भाग ब्रिटिश, आणि मुख्य म्हणजे खोकं बदललं. १० इंची चार स्पीकर आणि उघडी पाठ याऐवजी सेलेस्टियनचे १२ इंची चार आणि पाठ बंद. वर सांगितलेली लाटांची खोडाखोडी आता थांबली आणि बेस परत आला, भरभक्कम होऊन. सुरुवातीचे जेटीएम-४५ त्यामुळे तसे जाड, गोलसर आवाजाचेच.

मग साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मार्शलने एकेक पॅच टाकत बेस छाटला. १०० वॉटच्या सुपर लीडचं सर्किट आणि जेटीएम-४५ चं सर्किट शेजारी ठेवून बघणं म्हणजे दोन व्हर्जनमधला 'डिफ' वाचणं आहे. ब्राइट चॅनलच्या पहिल्या व्हॉल्व्हपाशी २५० मायक्रोफॅरडचा मोठा कपॅसिटर जाऊन तिथे ०.६८ चा आला. म्हणजे आता या व्हॉल्व्हचा पूर्ण जोर फक्त मधल्या आणि वरच्या स्वरांना. चॅनलच्या बाहेरचा कपॅसिटर ०.०२२ वरून ०.००२२ मायक्रोफॅरड झाला. दहा लाख ओहमच्या रोधाबरोबर हिशेब केला तर पहिला ७ हर्ट्झच्या खालचं कापतो, दुसरा ७२ हर्ट्झपासून कापायला लागतो. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची, म्हणजे कात्री नेमकी तिच्या पायाशी आणून ठेवली. ट्रेबलचा कपॅसिटर २५० वरून ५०० पिकोफॅरड. आणि काही सुपर लीडमध्ये ब्राइट कपॅसिटर चक्क ५००० पिकोफॅरडचा, फेंडरच्या पन्नास पट!

हा शेवटचा पॅच जरा जास्तच झाला, हेही सांगायला हवं. कमी व्हॉल्यूमला तो अ‍ॅम्प कानात सुई टोचतो. कित्येक मालकांनी पुढे तो कपॅसिटर कापून टाकला. बरेच वादक अजून वेगळी युक्ती करतात: ब्राइट आणि नॉर्मल ही दोन्ही चॅनल्स छोट्या केबलने जोडायची आणि नॉर्मलचं बटण हळूहळू वाढवत जाडी चवीपुरती घालायची. दबका आवाज तोच, पण प्रमाणात आला की मसाला.

बेस आधी कापायचा की नंतर?

वरच्या सगळ्या उपायांत कात्री सर्किटच्या सुरुवातीलाच का चालवली आहे? कारण विकृती, म्हणजे डिस्टॉर्शन.

लोकलच्या दारात भलीमोठी बॅग घेऊन उभा राहणारा एक इसम असतो. त्याच्यामुळे मागचे दहा सडपातळ लोक चढू शकत नाहीत. बेस हा तो इसम. खालच्या स्वरांच्या लाटा मोठ्या, त्यांना अ‍ॅम्पमध्ये जागा जास्त लागते. अ‍ॅम्पची मर्यादा संपून लाटेचा माथा छाटला जाऊ लागला की त्या मोठ्या लाटेवर स्वार झालेले छोटे, उंच स्वरही तिच्याबरोबर छाटले जातात. त्या क्षणी गेलेला ट्रेबल नंतर कुठल्याही बटणाने परत येत नाही. तो माणूस चढलाच नाही, पुढच्या स्टेशनवर उतरणार कुठून?

म्हणून बेस विकृतीच्या आधी कापायचा, आणि जाडी हवीच असेल तर नंतर घालायची. १९७९ च्या सुमारास आलेल्या आयबानेझच्या ट्यूब स्क्रीमर टीएस-८०८ या हिरव्या पेडलमध्ये हाच नियम आहे. ४७०० ओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड, गुणाकार करून बघा, ७२० हर्ट्झ येतात. त्याच्या खाली पेडलचा जोर उतरत जातो. आज जड मेटल वाजवणारे लोक या पेडलचं ड्राइव्ह शून्यावर ठेवून ते प्रचंड विकृतीच्या अ‍ॅम्पपुढे लावतात. विकृती अ‍ॅम्पमध्ये भरपूर आहेच. त्यांना पेडलकडून हवी असते ती फक्त कात्री.

अ‍ॅम्पच्या बाहेरची घोंगडी

कोथरूडमधल्या माझ्या एका मित्राने दोन वर्षं गिटार शिकून ती विकायला काढली होती. कारण विचारलं तर म्हणाला, "माझ्या बोटांतच स्पष्टपणा नाही रे. सगळं चिकट वाजतं." अ‍ॅम्प बेडरूमच्या कोपऱ्यात, जमिनीवर, पडद्याला खेटून. बेसचं बटण सातवर. मी तो उचलून खुर्चीवर ठेवला, भिंतीपासून हातभर पुढे ओढला, बेस तीनवर आणला. त्याने तोच कॉर्ड पुन्हा वाजवला आणि गप्पच झाला. सहाही तारा सुट्या ऐकू येत होत्या. दोन वर्षं हा माणूस स्वतःच्या बोटांना दोष देत होता! मला हा सगळा इतिहास महत्त्वाचा वाटतो तो यासाठी. यंत्राचा दोष माणूस स्वतःच्या अंगाला लावून घेतो आणि आवडीची गोष्ट सोडून देतो.

अशा घोंगड्या अ‍ॅम्पबाहेर बऱ्याच असतात. जमीन आणि भिंती बेस परत फेकतात. कोपऱ्यात तो सगळ्यात जास्त साचतो. १२ इंची स्पीकरचा ट्रेबल टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो, बेस मात्र चहूकडे पसरतो. अ‍ॅम्प पायाशी आणि कान पाच फुटांवर असतील तर झोत पोटऱ्यांना ऐकू येतो, कानाला फक्त घुमणं. फेंडरने आपल्या मोठ्या अ‍ॅम्पना तिरपं ठेवायचे पाय दिले ते उगीच नाही.

आपले कानही यात सामील आहेत. १९३३ मध्ये बेल लॅब्जच्याच फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं की हळू आवाजात कानाला बेस फारच कमी ऐकू येतो. त्यामुळे रात्री घरी हळू वाजवताना आपण बेस वाढवतो, आणि तेच सेटिंग घेऊन कार्यक्रमात मोठ्याने वाजवलं की चिखल.

आणि केबल! साधारण केबलची धारिता मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास. स्ट्रॅटोकास्टरसारख्या गिटारचं पिकअप अंदाजे अडीच हेन्री. या दोघांच्या अनुनादाचा शिखरबिंदू ६ मीटर केबलला साधारण ४१०० हर्ट्झवर येतो, १२ मीटरला २९०० वर. म्हणजे नुसती लांब केबल लावून गिटारची चमक खाली घसरते. जिमी हेन्ड्रिक्सच्या फोटोंत दिसणारी टेलिफोनसारखी वेटोळ्यांची केबल आठवते? ती चांगलीच लांब आणि जास्त धारितेची असे. शंभर वॉटच्या भडक मार्शलपुढे ती घोंगडी सोयीचीच पडायची. तुमच्या दबक्या अ‍ॅम्पपुढे मात्र नाही.

तर मग करायचं काय?

फुकट ते महाग, या क्रमाने:

१. अ‍ॅम्प कोपऱ्यातून काढा, खुर्चीवर ठेवा, कानाकडे तिरपा करा.

२. बेस शून्यावर आणा, ट्रेबल आणि मिडल मध्यावर. आता बेस हळूहळू वाढवा आणि 'पुरे' वाटलं की थोडा मागे घ्या. हे सेटिंग ज्या व्हॉल्यूमला वाजवणार त्याच व्हॉल्यूमला करा. अ‍ॅम्प व्हॉक्स घराण्यातला असेल तर 'कट' डावीकडे.

३. गिटारचं टोनचं बटण पूर्ण उघडं आहे ना ते बघा. हसू नका, बघा.

४. केबल छोटी करा. पेडल्सची लांब रांग असेल तर सुरुवातीला एक बफर.

५. अ‍ॅम्प विकृतीत गेल्यावरच गढूळ होत असेल तर पुढे ट्यूब स्क्रीमर घराण्यातलं पेडल किंवा इक्वलायझर लावा आणि बेस आधीच छाटा.

६. तरीही दबतोय? मग स्पीकर. अ‍ॅम्पच्या आवाजात स्पीकरइतका फरक दुसरं काहीच करत नाही.

७. शेवटी कपॅसिटर. पुण्यात पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला असले भाग शोधता येतात, फक्त ५०० व्होल्टचा मागा. पण एक गोष्ट गंभीरपणे सांगतो: व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या आत तीनशे ते पाचशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये साठून राहू शकतात. हे काम जाणकार दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्या. इथे हौस नको.

लॅपटॉपवर सॉफ्टवेअरचा अ‍ॅम्प वापरणाऱ्यांनाही पहिला आणि सहावा मुद्दा सोडून बहुतेक सगळं लागू आहे. त्या प्लग-इनमधला 'ब्राइट' स्विच म्हणजे कोणे एके काळच्या १२० पिकोफॅरडचंच गणित आहे. आणि स्पीकरच्या जागी तिथे कॅबिनेटचा नमुना बदलून बघता येतो, तोही फुकट.

या गोष्टीत मला सगळ्यात काय आवडतं सांगू? एकाही गिटारवाल्याने येऊन 'चार हजार हर्ट्झला तीन डेसिबल कमी पडतायत' असं सांगितलं नसणार. तो म्हणाला असेल, "मजा येत नाही." आपल्याकडे असा बग आला तर आपण काय करतो? 'माहिती अपुरी' म्हणून परत पाठवतो. फुलर्टन, डार्टफर्ड आणि हॅनवेलच्या लोकांनी तो परत पाठवला नाही. ज्याला गिटार वाजवता येत नव्हती त्या लिओ फेंडरने तर नाहीच नाही.

असो. लेख वाचून झाला असेल तर आता उठा आणि अ‍ॅम्प कोपऱ्यातून बाहेर ओढा. भेटू पुढच्या वीकेंडला.